प्रतिसाद: चँडलरमध्ये तळ्याकाठी की गोल्फ कोर्सलगत?
घर तळ्याकाठचं घ्यावं की गोल्फ कोर्सलगतचं, असं तुम्ही विचारलंत. चँडलर अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात आहे, आणि तिथे मी तरी आधी मागचं अंगण कुठल्या दिशेला आहे ते बघेन. पश्चिमेला असेल तर जून ते सप्टेंबर संध्याकाळी उन्हामुळे तिथे पाय ठेववत नाही, समोर कितीही सुंदर पाणी असो. गोल्फचं घर असेल तर टीवरून (पहिला फटका मारतात त्या जागेवरून) बघताना फेअरवेच्या (चेंडू मारत पुढे जायच्या आखूड गवताच्या पट्ट्याच्या) उजव्या हाताला येणारी घरं शक्यतो टाळा. उजव्या हाताने खेळणाऱ्या नवख्यांचे चेंडू हमखास तिकडेच वळतात, खिडक्या फुटतात. आणि एचओएचे, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेचे, हिशेब मागून घ्याच! तळ्याची गळती, पंप, शेवाळ, सगळा खर्च रहिवाशांच्याच माथी येतो. राखीव निधी तुटपुंजा दिसला तर ते घर खुशाल सोडून द्या.