रद्दीतले 'किशोर'
घरात पुस्तकांचं कपाट असेल तरच लहानपणी वाचनाची गोडी लागते, असं बरेच जण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. नाशिकला आमच्या पंचवटीतल्या दोन खोल्यांत पंचांग आणि पोथ्या सोडून छापील कागद नव्हता. वडील महिन्याची रद्दी विकायला जायचे, तेव्हा मी मागे लागायचो. त्या दुकानात 'किशोर' या मुलांच्या मासिकाचे जुने अंक किलोवर मिळत. बऱ्याच अंकांचं मुखपृष्ठ गायब, काहींवर तेलाचे डाग. एक लांबलचक साहसकथा अशीच हाती लागली, ऐन मोक्यावर 'क्रमशः'. पुढचा अंक काही केल्या मिळेना. मग शेवट मीच रचून धाकट्या बहिणीला सांगायचो, दर वेळी वेगळा. (ती अजून म्हणते, मूळ गोष्टीपेक्षा तूच जास्त माणसं मारलीस.) पुढे टिळक पथावरच्या सार्वजनिक वाचनालयात नाव घातलं. १८४० सालची संस्था ती, पण मला अप्रूप एवढंच की तिथल्या पुस्तकांना शेवटची पानं असायची!

कुणाला माहीत नसेल म्हणून सांगतो: बालभारतीचा हा 'किशोर' १९७१ च्या नोव्हेंबरात सुरू झाला आणि त्याचे जुने अंक आता बालभारतीनेच ऑनलाइन फुकट ठेवलेत. मागच्या दिवाळीत तिथे शोधून माझा राहिलेला भाग वाचला. खरं सांगू? माझा शेवट बरा होता.