मदत हवी आहे: पूर यायच्या आधी गावात मानसिक आधाराची तयारी कशी करायची? (सांगली, कृष्णाकाठ)

कृष्णाकाठची_आशा

नमस्कार मंडळी. मी आशा म्हणून काम करते. गाव कृष्णाकाठी आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही, पुढं जे सांगणारे त्यात माणसं ओळखू येतील.

जून जवळ आलाय. ग्रामपंचायतीची आपत्तीची मीटिंग झाली, बोट तपासली, लाइफ जॅकेट मोजली, कुठल्या गल्लीनं कुठल्या शाळेत जायचं ते ठरलं, जनावरं कुठं न्यायची तेपण ठरलं. २०१९ च्या महापुरानंतर हे सगळं दरवर्षी नीट व्हायला लागलंय. पण माणसाच्या मनाचं काय, त्याबद्दल कागदावर एक ओळ नाही. मी विषय काढला तर एक सदस्य म्हणाले, त्याची काय तयारी करायची ताई, पाणी उतरलं की माणूस आपोआप ठीक होतंय. होत नाही हो. मी घरोघर फिरते, मला दिसतंय.

आमच्या गल्लीत एक आजोबा आहेत. कोयनेतून विसर्ग वाढवला असा मेसेज ग्रुपवर आला की त्यांची झोप गेलीच. देवळाच्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची रेघ मारलेली आहे, तिथं जाऊन उभे राहतात, रेघेवर हात ठेवतात, परत येतात, परत जातात. येणाऱ्या जाणाऱ्याला विचारत राहतात आयर्विनला किती फूट झालं. सांगलीच्या आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५, पण ह्यांचं गाठोडं २५ फुटालाच बांधून दारात असतंय. २०१९ ला त्यांच्या म्हशी दावणीला गेल्या, दावं कापायला वेळ मिळाला नाही. आणि ज्यांचं गाठोडं तयार असतंय तेच २०२१ ला बोट दारात आल्यावर घर सोडायला तयार होईनात, नातवानं उचलून आणलं.

दुसरी एक बाई, तिचं बरीच वर्षं मानसिक आजाराचं औषध चालू होतं, एकदम व्यवस्थित होती, शेतात जायची, संसार करायची. पुरात गोळ्या घरात राहिल्या, चिठ्ठीपण भिजली, छावणीत कुणाला सांगायची लाज वाटली, मग झोप बंद झाली, बडबड सुरू झाली आणि पाणी उतरून घरी गेल्यावर महिनोनमहिने त्रास झाला.

तिसरं म्हणजे शाळेतल्या छावणीत एक माणूस दुसऱ्या रात्री अचानक थरथरायला लागला, भिंतीवर साप दिसतात म्हणून ओरडायला लागला, लोक म्हणाले पाण्यातनं काहीतरी बाहेरचं लागलं, कुणी लिंबू उतरवलं, शेवटी फिट आली तेव्हा अॅम्ब्युलन्स बोलवली. तो रोज पिणारा होता हे सगळ्या गावाला माहिती होतं.

तर मला विचारायचंय ते असं की आशा, अंगणवाडीताई, मंडळाची पोरं, बचत गटाच्या बायका, आम्हा साध्या माणसांना ह्यातलं काय काय करता येईल, काय अजिबात करू नये, आणि पूर यायच्या आधी म्हणजे आत्ता काय करून ठेवायचं. आमच्याकडं मानसोपचार डॉक्टर नाही, जवळात जवळ गाठायचं म्हटलं तरी सांगली-मिरज, आणि पुरात तो रस्ताच बंद असतो. कृपया अनुभव असलेल्यांनी लिहा.

मिरजवाला_डॉक्टर

ताई, सगळ्यात आधी एक गोष्ट त्या सदस्यांसाठी. हा विषय तुमच्या डोक्यातून आलेला नाही, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं डिसेंबर २००९ मध्येच आपत्तीतल्या मनोसामाजिक आधारावर मार्गदर्शक सूचना काढल्यात, त्यात तयारी आधीपासून करा आणि गावातल्याच लोकांना शिकवा असंच आहे. ती कॉपी काढून मीटिंगला न्या. ओडिशात १९९९ च्या चक्रीवादळानंतर बेंगळुरूच्या निमहान्स ह्या मानसिक आरोग्य संस्थेनं गावपातळीवरच्या साध्या कार्यकर्त्यांनाच शिकवून हे काम केलं होतं. म्हणजे साध्या माणसांना काय जमणार हा प्रश्न केव्हाच सुटलाय.

आता तुमचा तिसरा माणूस, कारण तिथं जीव जाऊ शकतो. तो दारू अचानक बंद झाल्याचा त्रास होता. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू तुटली की ६ ते २४ तासांत हात थरथरणं, घाम, उलट्या, बेचैनी सुरू होते. फिट आली तर बहुतेक पहिल्या दोन दिवसांत येते. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होतो, नसलेलं दिसायला लागतं, माणूस आपण कुठं आहोत ते विसरतो. ही सरळ सरळ इमर्जन्सी आहे, १०८ लावा, बोटीनं काढायचं झालं तर गरोदर बाईच्या बरोबरीनं ह्याचा नंबर. गावात असे कोण आहेत ते तुम्हाला माहिती आहेच, छावणीत पहिल्या दिवसापासून त्यांच्यावर नजर ठेवा आणि पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे हात थरथरायला लागल्याबरोबर औषध सुरू करता येतं.

दुसऱ्या ताईंसारख्यांसाठी आत्ता मे महिन्यातच काम करायचं. फिटच्या गोळ्या अचानक तुटल्या तर फिट येते, मानसिक आजाराच्या तुटल्या तर आजार उलटतो. जूनच्या आधी प्रत्येकाकडे निदान महिनाभराचा साठा, प्लास्टिकच्या पिशवीत, वर चिठ्ठीची झेरॉक्स, आणि चिठ्ठीचा फोटो घरातल्या दोन माणसांच्या मोबाईलमध्ये. कुणाला लिथियम हे मानसिक आजाराचं औषध चालू असेल तर ते वेगळं लिहून ठेवा. छावणीत जुलाब-उलट्या लागल्या, अंगातलं पाणी कमी झालं, तर लिथियमचं रक्तातलं प्रमाण वाढतं आणि ते विषासारखं होतं. अशा पेशंटला जुलाब झाले की लगेच डॉक्टरला कळवायचं.

बाकीच्या घाबरलेल्या, रडणाऱ्या, सुन्न झालेल्या माणसांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराचं एक पुस्तक काढलंय, त्याचा गाभा तीन गोष्टींत आहे. आधी नजर फिरवून बघा कुणाला कशाची तातडी आहे, मग शेजारी बसून ऐकून घ्या, मग त्याला हवं ते मिळवून द्या, म्हणजे घरचा माणूस, फोन, कोरडे कपडे, खरी माहिती. आणि हे करू नका: काय झालं ते सगळं सांग, मन मोकळं कर असं म्हणून कुणाला पुन्हा पुन्हा प्रसंग सांगायला लावू नका. बोलायचं असेल तर ऐका, नसेल तर नुसतं बसा. तसं जबरदस्तीनं बोलून घेण्याचा उपयोग होत नाही, काहींना उलट त्रास होतो. झोप येत नाही म्हणून सरसकट झोपेच्या गोळ्या वाटायला पण कुणी आलं तर थांबवा, पहिल्या महिन्यात त्या अशा कारणासाठी देऊ नयेत असं स्पष्ट सांगितलेलं आहे. दारूच्या त्रासात त्याच प्रकारची औषधं डॉक्टर वापरतात, ते वेगळं, ते डॉक्टरनंच.

टेली मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. भिंतीवर लिहून घ्या.

बोटीवरचा

मी पुरात बोटीवर काम केलेलंय. माझं एवढंच म्हणणं आहे की माणूस घर सोडत नाही तेव्हा आपण त्याला हट्टी म्हणतो पण निम्म्या वेळा कारण गोठ्यात असतं. तुमच्या आजोबांना जनावरं आधी हलवलेली दाखवा, नुसतं सांगू नका, दाखवा. ४० फूट व्हायच्या आत जनावरं उंचावर गेली तर म्हातारी माणसं मागनं स्वतःहून चालत येतात हे मी बघितलंय. जनावरांची जागा माणसांच्या छावणीच्या जवळ ठेवा म्हणजे सकाळ संध्याकाळ जाऊन वैरण टाकता येते, हाताला काम राहतं.

आणि खोटं बोलून बोटीत बसवू नका कुणाला. म्हस बघून घेतो आम्ही, तुम्ही बसा, असं म्हणायचं आणि म्हस गेली की त्या माणसाचा तुमच्यावर कायमचा विश्वास उडतो, पुढच्या वेळी तो बोटीत बसत नाही. ब्रह्मनाळला २०१९ ला बोट उलटली त्यानंतर तर काही बायका बोट बघूनच रडायला लागतात, त्यांना दंडाला धरून ओढू नका, आधी जॅकेट घाला, किती माणसं बसणार ते सांगा, जास्त बसवणार नाही हे सांगा आणि खरंच बसवू नका. मे मध्ये पाणी शांत असताना एकदा सगळ्या गल्लीला जॅकेट घालून बोटीत फिरवून आणा, लई फरक पडतो.

अजून एक, अफवा. धरण फुटलं, कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाचं पाणी मागं आलं, रात्री दोनला असले मेसेज फिरतात आणि छावणीत पळापळ होते. एकच माणूस ठरवा, तोच पाटबंधारे खात्याचा आकडा सकाळ-दुपार-संध्याकाळ फळ्यावर लिहील. आजोबांना पण तेच काम द्या वाटलं तर, फळ्यावर आकडा लिहायचं.

उमरग्याकडचा

ताई मी किल्लारीच्या पट्ट्यातला, भूकंप झाला तेव्हा लहान होतो. ३० सप्टेंबर १९९३, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, पहाटे चारच्या सुमारास सगळं खाली आलं. त्यानंतर आमच्याकडं लोक दगडाच्या माळवदाखाली झोपायला तयारच नव्हते, पत्र्यात राहीन पण आत झोपणार नाही. आमची आजी शेवटपर्यंत दाराजवळच बाज टाकून झोपली. तिला कुणी वेडी म्हटलं नाही कारण सगळं गावच तसं होतं, पण कुणी औषधपाणीपण केलं नाही.

मला सांगायचंय ते नंतरचं. ५२ गावं नवीन जागी वसवली, घरं पक्की मिळाली, रस्ते सरळ आखलेले, पण जुनी गल्ली मोडली. ज्या शेजारणीकडं आजी रोज संध्याकाळी बसायची ती पार दुसऱ्या टोकाला गेली. माणूस गेल्याचं दुःख वाटून घ्यायला जे लोक लागतात तेच लांब गेले. म्हणून छावणीत खोल्या वाटताना गल्ली एकत्र ठेवा, यादीच्या नंबरानं वाटू नका. बायकांना रात्री संडासला जायची सोय उजेडाची आणि आतून कडी लागणारी ठेवा, नाहीतर त्या पाणी प्यायचं बंद करतात आणि रात्रभर जाग्या राहतात, मग दिवसा चिडचिड, पोरांना मार.

आणि मदत वाटून गाड्या निघून गेल्यावर लक्ष ठेवा. पंचनामा, अनुदानाच्या यादीत नाव नाही, बँकेचं कर्ज, दुसरं पीक नाही, त्या वेळी गडी माणूस गप्प होत जातो. कीटकनाशक, तणनाशक घरात हाताशी ठेवू नका, कुलपात ठेवा, शक्यतो गावात एका जागी. कुणी मरायची भाषा काढली तर हसण्यावारी नेऊ नका, सरळ विचारा, विचारल्यानं डोक्यात नवीन काही भरत नाही, एकटं सोडू नका आणि वर डॉक्टरांनी दिलाय त्या नंबरला त्याच्यासमोर फोन लावा.

शाळेच्या_बाई

मुलांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. पुरानंतर मोठी मुलंसुद्धा अंथरूण ओलं करतात, आईचा पदर सोडत नाहीत, रोज पाण्याचंच चित्र काढतात, बोट-बोट, बुडणं-बुडणं खेळतात. पालक घाबरतात नाहीतर ओरडतात. ओरडू नका, बहुतेक मुलं काही आठवड्यांत सावरतात. फक्त त्यांना रोजचा दिवस ओळखीचा हवा. आमच्या शाळेतच छावणी होती, वर्ग भरवायला जागा नव्हती तर व्हरांड्यात सकाळी प्रार्थना, गोष्ट, मग खेळ, रोज त्याच वेळेला. एवढ्यावर मुलं जेवायला लागली. टीव्हीवरची पुराची दृश्यं आणि मोबाईलवरचे व्हिडिओ मात्र मुलांसमोर बंद. आणि बाहेरून मदत घेऊन आलेल्यांनी मुलांच्या हातात पुडा देऊन फोटो काढायचे नाहीत, हे आम्ही गेटवर सांगायचो. महिना उलटला तरी मूल खात नाही, बोलत नाही, झोपेत किंचाळतं असं असेल तर डॉक्टरकडे न्यायचंच.

कृष्णाकाठची_आशा

सगळ्यांचे मनापासून आभार, वाचताना डोळ्यात पाणी आलं. बोटीवरच्या दादांनी सांगितलेलं फळ्याचं काम आजोबांना विचारते. गल्ली एकत्र ठेवायचं तर लगेच सांगून टाकलं सरपंचांना, ते हो म्हणाले.

आता एक अडचण आहे. मानसिक औषध कुणाला चालू आहे, कोण पितं, अशी यादी केली तर ती ग्रुपवर जायला किती वेळ लागणार? आमच्या इथं लग्नं मोडतात हो एवढ्यावरनं. ती बाई तर मला म्हणाली, माझं नाव लिहिलंस तर मी गोळ्याच बंद करते. मग यादी करायची का नाही करायची?

मिरजवाला_डॉक्टर

तिचं बरोबर आहे आणि कायदाही तिच्या बाजूनं आहे, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयता हा पेशंटचा हक्क आहे. वेगळी यादी करूच नका. बीपी, शुगर, थायरॉइड, दमा, फिट, मानसिक, ज्यांना ज्यांना रोजची गोळी आहे त्या सगळ्यांची एकच यादी करा, त्यात आजाराचं नाव लिहू नका, फक्त घर नंबर, गोळी रोजची आहे, साठा आहे का, चिठ्ठी आहे का. निम्मं गाव त्यात येईल, मग कुणी कुणाकडे बोट दाखवणार नाही. आजार कुठला ते फक्त तुम्हाला आणि पीएचसीच्या डॉक्टरांना. दारूवाल्यांची तर लेखी यादी नकोच, छावणी सुरू झाली की डॉक्टरांना तोंडी सांगा.

पिशव्या सगळ्यांना एकाच रंगाच्या द्या.

कृष्णाकाठची_आशा

हे जमेल. बचत गटाच्या बायका पिशव्या शिवून देतो म्हणाल्यात, आतून प्लास्टिक लावून. रविवारी पीएचसीत डॉक्टरांना भेटते, साठा महिनाभराचा द्यायला ते तयार होतात का बघते. आणि सांगलीच्या सिव्हिलला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या टीमला गावात एक दिवस येऊन आम्हा बायकांना आणि मंडळाच्या पोरांना शिकवायला कसं बोलवायचं, अर्ज कुणाच्या नावानं करायचा, कुणी केलं असेल तर अर्जाचा मजकूर इथं टाका प्लीज. जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत व्हायला पाहिजे.