उत्तर: ४ जीबी रॅम, जुना लॅपटॉप आणि स्वॅप
लिनक्सवर ८ जीबीची स्वॅप फाइल (रॅम भरली की डिस्कवर वापरायची जागा) केली तरी गेम अडखळतोच, म्हणालात. अडखळणारच! फिरत्या हार्ड डिस्कवरचं स्वॅप गेम बंद पडू देत नाही, एवढंच. वेग त्यातून येत नाही.

त्यापेक्षा झेडरॅम (zram, रॅममध्येच केलेलं दाबलेलं स्वॅप) लावा. न लागणारी पानं (मेमरीचे छोटे तुकडे) डिस्कवर न जाता दाबून रॅममध्येच राहतात. फेडोरा लिनक्समध्ये ३३ व्या आवृत्तीपासून (२०२०) ते आपोआप चालू असतं. उबुंटू-मिंटवाल्यांना पॅकेज टाकावं लागतं. दोन कोअरचा प्रोसेसर असेल तर दाबण्याची पद्धत म्हणून एलझेड४ (lz4) घ्या. झेडस्टॅण्डर्ड (zstd, दुसरी पद्धत) जास्त दाबतं, पण प्रोसेसरला घाम फोडतं. आणि ‘स्वॅपिनेस १० करा’ हा सल्ला डिस्कसाठी होता (स्वॅपिनेस म्हणजे स्वॅपकडे किती लवकर वळायचं ते ठरवणारा आकडा). झेडरॅमवर उलट १०० च्या पुढे न्या, कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.८ पासून २०० पर्यंत चालतं. झेडस्वॅप (zswap, डिस्कवरच्या स्वॅपकडे जाणारी पानं आधी रॅममध्ये दाबून ठेवणारी वेगळी सोय) चालू असेल तर बंद करा, दोन्ही एकत्र नकोत.

बाकी, ग्राफिक्स इंटिग्रेटेड (वेगळं कार्ड नसलेलं) असेल तर तेही याच ४ जीबीत हात घालतं, म्हणून गेमच्या सेटिंगमध्ये टेक्स्चर (वस्तूंवरची चित्रं) सगळ्यात आधी कमी करा. ब्राउझर बंद करा हे सांगायला नकोच (मी स्वतः दरवेळी विसरतो). गेम चालू असताना दुसऱ्या टर्मिनलवर `free -h` (फक्त एकूण मेमरी दाखवतं) ऐवजी एचटॉप (htop, कोणता प्रोग्रॅम किती मेमरी खातो ते दाखवतं) उघडून ठेवा, खरा खादाड लगेच दिसेल.