मदत हवी आहे: सांडपाण्यातून आलेली औषधं मातीत किती टिकतात?

नमस्कार मंडळी. दोन हंगाम पालेभाजीला प्रक्रिया केलेलं सांडपाणी देतोय. आयबुप्रोफेन हे वेदनाशामक मातीतले जिवाणू लवकर संपवतात, टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटून बसतं, इथवर कळलं. खरी धास्ती कार्बामाझेपिन या फिट्सवरच्या औषधाची. ते सहजी कुजत नाही, मुळांतून पाण्याबरोबर वर चढतं आणि पाणी उडून गेलं की पानातच साठतं. आपण खातो ते पानच ना!

साबणातलं जंतुनाशक ट्रायक्लोसान सेंद्रिय कर्बाला धरून राहतं, पण त्याचा पीकेए साधारण 8, म्हणजे सामू (पीएच) त्याच्या वर गेला की त्याचे निम्म्याहून जास्त रेणू विद्युतभारित होऊन पाण्यात जास्त विरघळतात. मग आमच्या 8.3 सामूच्या जमिनीत ही पकड सैल होईल का? शेणखत वाढवून उपयोग होईल? तपासणीसाठी मातीचा नमुना किती खोलीवरून घ्यावा?

घरातली लहान मुलं हीच भाजी खातात, जीव खालीवर होतोय. कुणी प्रत्यक्ष तपासणी केली असेल तर कृपया सांगा.