नाताळचं झाड: एका घरात दोन आवडी असल्या तर कुणाच्या मनाप्रमाणे सजवायचं?

वसईची सून
आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळच्या तयारीच्या काळाच्या, पहिल्या रविवारी आमच्याकडे झाड उभं राहिलं आणि दुसऱ्याच दिवशी त्यावरून घरात अबोला झाला. मी सजावट फार मनापासून करते. पांढरा आणि सोनेरी, दोनच रंग. पिवळसर उजेडाची एकच माळ, न लुकलुकणारी. नाताळात मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, फादरांचा झगा पांढरा नाहीतर सोनेरी असतो, तीच प्रसन्नता मला झाडावर हवी असते.

सकाळी सहाला उठून बघते तर सासूबाई स्टुलावर उभ्या! बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यातलं सगळं झाडावर चढलेलं. लाल प्लास्टिकच्या घंटा, चमकी उडालेले थर्माकोलचे गोळे, चुरगळलेल्या चंदेरी चांदण्या, आणि फांदीफांदीवर कापूस. वसईत बर्फ कधी पडला होता?

माझं म्हणणं एवढंच, की झाड एकाच्या हातचं असावं. रांगोळीत रंग चौघी भरतात, पण ठिपके एकीनेच घातलेले असतात. दुसऱ्याला येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा द्या, दारातली चांदणी द्या. एकाच झाडावर दोघांचे हात फिरले की ते कुणाचंच राहत नाही. तुम्हाला काय वाटतं?

गावठाण
अजिबात पटलं नाही. वेदीचा नियम वेदीपाशी. झाडाला असा नियम कधी नव्हताच. आता फ्रान्समध्ये असलेल्या स्ट्रासबुर्ग शहरातल्या नाताळच्या झाडांचं १६०५ सालचं वर्णन आहे, त्यात रंगीत कागदाचे गुलाब, सफरचंदं आणि साखरेचे जिन्नस टांगल्याचं लिहिलंय. शोभेल तेही होतं आणि खायचंही होतं. रंग मोजून कुणी लावले नव्हते.

आमच्या लहानपणी झाड म्हणजे किनाऱ्यावरून आणलेली सुरूची फांदी, वाळूच्या बादलीत रोवलेली. सुरूच्या काड्या इतक्या नाजूक, की काचेचा गोळा अडकवला की फांदी मान टाकायची. मग क्रेप कागदाच्या साखळ्या, फुगे आणि कापूस. कापसाने फांदी वाकत नाही. आमच्यासाठी तो बर्फ नव्हताच, तो नाताळ होता.

आणि एक विचारू? डब्यातल्या वस्तू तुम्ही एकेक करून लिहिल्यात, पण त्या कुणी आणल्या, कुणी केल्या हे कुठेच लिहिलं नाहीत. विचारलंय कधी?

माळवाला
मी धागा काढणाऱ्या ताईंच्या बाजूने, पण फक्त दिव्यांपुरता. दरवर्षी ओळखीच्यांची झाडं लावून देतो, त्यावरून सांगतो. माळ सगळ्यात आधी लागते. बुंध्यापाशी आत न्यायची, फांदीच्या टोकाला आणायची, परत आत, असं खालून वर. नुसती बाहेरून गुंडाळली तर झाड पोकळ दिसतं. हे काम दोघांनी करायचं नाही. एकाची लुकलुकणारी, दुसऱ्याची स्थिर. एकीचा उजेड निळसर पांढरा, दुसरीचा पिवळा, असं झालं की सोनेरी गोळे मळकट दिसतात. माळ एकाने ठरवावी. गोळे मग शेजारची पोरंही लावू देत.

श्टुटगार्टकर
माझी बायको इथलीच, जर्मनीतली. तिच्या माहेरी झाड २४ डिसेंबरलाच सजतं, त्याआधी नाही. गवताच्या काड्यांच्या चांदण्या, थोडे काचेचे गोळे, आणि खऱ्या मेणबत्त्या, पत्र्याच्या चिमट्यांनी फांदीला लावलेल्या. पेटवताना वरून खाली, विझवताना खालून वर, म्हणजे ज्योतीवरून हात न्यावा लागत नाही. शेजारी पाण्याची बादली. पहिल्या वर्षी मी रंगीत दिव्यांची माळ घेऊन गेलो होतो. सासूबाईंनी ती बघितली, छान आहे म्हणाल्या, आणि बाजूला ठेवली. मला तेव्हा लागलं होतं.

आज म्हणेन, त्यांचं बरोबर होतं. पण वसईच्या ताईंच्या मुद्द्यासाठी नव्हे. झाड एकाच्या हातचं असावं हे मान्य, तो हात घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाचा असावा. आपल्याला पुढे पुष्कळ वर्षं आहेत. त्यांना किती नाताळ उरलेत?

वसईची सून
श्टुटगार्टकर, हे मोठ्यांचं मोठ्यांना देऊन मोकळं होणं मला सोपं जात नाही. लग्नाला चौदा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत या घरात माझ्या मनासारखी एकच गोष्ट होते, ती हे झाड.

गावठाण, काल रात्री विचारलं. चंदेरी चांदण्या सासऱ्यांनी केल्यात. ते गोदीत कामाला होते. सिगारेटच्या पाकिटातला कागद जमवायचे, नखाने घासून सरळ करायचे आणि पुठ्ठ्यावर चिकटवायचे. माझ्या नवऱ्याच्या जन्माच्या वर्षापासून दरवर्षी एक. मागे पेनाने साल लिहिलंय, शेवटचं २००३. मी चौदा वर्षं त्या डब्यावर इस्त्रीचे कपडे ठेवत आले.

आज त्या सगळ्या चांदण्या पुढच्या बाजूला लावल्या. माझ्या पिवळ्या उजेडात फार सुंदर दिसतात. माळ मात्र माझीच राहील आणि कापूस मी काढला. सासूबाई काही बोलल्या नाहीत.

गावठाण
चांदण्या लावल्यात हे फार चांगलं केलंत. तरी वाद संपला असं मी म्हणणार नाही. त्या चंदेरी निघाल्या, तुमच्या रंगांत बसल्या, म्हणून पुढे आल्या. लाल घंटा कुणी आणल्या होत्या? आणि कापूस काढल्यावर त्या गप्प बसल्या, याला होकार समजू नका.

वसईची सून
घंटांचं विचारलं नाही. त्या आत्ता गोठ्यासाठी पेंढा निवडतायत. जाऊन बसते त्यांच्याजवळ.