जुन्या जीपनं जुनी मोहीम परत करायची : हौस की खूळ?

हायबोनेटवाला
मंडळी, घरात दोन आठवडे यावरनं वाद चाललाय, म्हणून शेवटी इथं टाकतोय. आमच्याकडे १९६८ ची सीजे थ्रीबी जीप आहे. तीच, नाकाड वर काढलेली, आतलं हरिकेन इंजिन उंच म्हणून बोनेट उंच. मामाची होती, मंचरला शेतावर कांद्याच्या गोण्या वाहून वाहून दमली, आता कोथरूडला सोसायटीत ताडपत्रीखाली असते आणि दर सभेत कुणीतरी विचारतंच, ही कधी हलणार.

तर १९५५ ची ती मोहीम माहिती असेलच. नसेल तर थोडक्यात, ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची सहा पोरं, दोन लँड रोव्हर, १ सप्टेंबर १९५५ ला लंडनहून निघाली आणि ६ मार्च १९५६ ला सिंगापूरला पोचली. आपल्याकडनं जाताना कलकत्ता, आसाम, मग लेडोवरून पांगसाऊ खिंड ओलांडून बर्मा. तो रस्ता दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांनी बांधून घेतलेला आणि दहाएक वर्षांत जंगलानं परत गिळत आणलेला, त्यातून हे गेले.

मला सिंगापूर वगैरे नको. फक्त आपल्या हद्दीतला तुकडा करायचाय. पुणे, कोलकाता, लेडो, जयरामपूर, नामपाँग आणि खिंडीच्या तोंडाशी गाडी बंद करून चहा प्यायचा, बास. मागे दुसरी गाडी नाही. बायको म्हणते मागे इनोव्हा असेल तरच जा, बाबा म्हणतात रेल्वे कशाला केलीय सरकारनं. बोला.

नारायणपेठी
बाबांचं बरोबर आहे.

आता सविस्तर. तुमच्या सगळ्या बेतात मुळातच एक घोळ आहे आणि तो कुणीच बोलत नाही. ती पोरं जुनी गाडी घेऊन गेली नव्हती हो! ८६ इंची लँड रोव्हर १९५४ ला आली, हे १९५५ ला निघाले, म्हणजे कोरी करकरीत, त्या काळात जी सगळ्यात भारी मिळत होती ती. वर चित्रीकरणासाठी बीबीसीतल्या तरुण डेव्हिड अ‍ॅटनबरोनं फिल्मची रिळं दिलेली. जुनाट गाडीत हाल काढायचे हा त्यांचा उद्देशच नव्हता, पोचायचं होतं. त्यांच्यासारखं करायचं असेल तर शोरूममधून नवी थार काढा आणि निघा. तुम्ही करताय ती मोहीम नव्हे, मामाची आठवण. ती करा की, पण तिला नाव तेच द्या.

डिझेलभाऊ
पेठेतून असंच येणार हे लिहून ठेवलं होतं मी 😄

मुद्दा चांगलाय पण अर्धाच. नव्या थारमधून तुम्ही कोलकात्याला चार दिवसात पोचाल, एसी लावून, आणि मधलं ओडिशा तुम्हाला टोलनाक्यांच्या नावांनी आठवेल. हायबोनेट पंचावन्नच्या वर गेली की स्टिअरिंग हातात थरथरतं आणि शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं, त्यामुळे माणूस आपोआप पन्नासवर येतो, दर शंभर किमीला उतरतो, बोनेट उघडतो, आणि बोनेट उघडलं की भारतात कुठंही तीन मिनिटात पाच माणसं जमा होतात. त्या पोरांना १९५५ मध्ये जे मिळालं ते हे होतं. ते नव्या गाडीत मिळत नाही, मग गाडी जुनी घ्यावीच लागते, करणार काय.

माझ्या जीपमध्ये प्युजोचं डिझेल इंजिन आहे त्यामुळे शुद्धतेवाल्यांनी मला शिव्या द्यायला हरकत नाही.

वारज्याची ताई
मी गाडीवाली नाही, पण माझा भाऊ गाडीवाला आहे म्हणून बोलते. तीन वर्षांपूर्वी हा असाच जुनी जीप घेऊन स्पितीला गेला, एकटाच, सपोर्ट नको म्हणाला, मजा जाते म्हणे. मागचा हाफ शाफ्ट, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, तुटला. दोन दिवस फोन नाही. आईनं देव पाण्यात ठेवले, मी आणि वहिनी रात्रभर त्या भागातल्या ढाब्यांचे नंबर शोधून फोन करत होतो. तिसऱ्या दिवशी हा एका ट्रकमधून फोन करतो आणि पहिलं वाक्य काय, तर "अगं काय भारी माणसं भेटली". त्याला भेटली भारी माणसं. आम्हाला काय भेटलं?

वहिनींचं ऐका दादा. इनोव्हा मागे ठेवा, लाज कसली त्यात.

नारायणपेठी
ताईंशी शंभर टक्के सहमत, आणि हे मी क्वचित लिहितो.

शिवाय २०१९ ला हेच झालं की. ऑक्सफर्ड नावाची ती मूळ लँड रोव्हर, जी फिरत फिरत सेंट हेलेना बेटावर जाऊन पडली होती, ती २०१७ ला परत आणली, दुरुस्त केली आणि सिंगापूरहून लंडनला १११ दिवसात नेली. सोबत नव्या गाड्या होत्याच. मूळ सहापैकी टिम स्लेसर ८७ व्या वर्षी जाणार होते, ऐनवेळी आजारी पडले, त्यांच्या जागी नातू बसला. आता हिशोब करा, दिशा उलटी, रस्ता वेगळा, माणूस वेगळा. उरलं काय? गाडी. आणि त्या गाडीतलं तरी जुनं किती उरलं असेल?

डिझेलभाऊ
गाडी तीच का, याचं उत्तर आरटीओनं कधीच देऊन ठेवलंय. चासीवर कागद धरून पेन्सिल घासतात, नंबर उमटला की तीच गाडी. बाकी पाटे बदला, टप बदला, इंजिन बदला.

हायबोनेटवाला
हा हा. पण मला विचाराल तर आजोबांच्या जागी नातू बसला तिथंच ती खरी मोहीम झाली. माझ्या बाजूला मामा नसणार, त्याचा धाकटा मुलगा असेल, ज्याला तिचा पहिला गियर क्लच दोनदा दाबल्याशिवाय अजून पडत नाही.

ताई, तुमचं मात्र लागलं. खोटं कशाला सांगू.

कर्वेनगर_क्लच
कागदाचं बघा आधी. पन्नास वर्षांपुढची आणि मूळ रूपातली गाडी विंटेजमध्ये घालता येते, २०२१ चा नियम, नंबरात व्हीए येतं, फी २० हजार. पण एकदा तसं केलं की रोजच्यासारखी रस्त्यावर नेता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला, एवढंच. पांगसाऊला पेट्रोल भरायला चाललोय म्हणून पोलिसाला पटवणार का 😂 त्यापेक्षा साधं आरसी पाच पाच वर्षांनी रिन्यू करत राहा. आणि अरुणाचलचं इनर लाइन परमिट, म्हणजे राज्यात शिरायचा परवाना, आधी काढा, जयरामपूरला पोचून धावपळ नको.

दुसरं, आजचं इथेनॉलवालं पेट्रोल. जुन्या एसी पंपाचा (एसी म्हणजे कंपनीचं नाव, टाकीतनं पेट्रोल ओढतो तो पंप) रबरी पडदा ते खातं. दोन पडदे जास्तीचे ठेवा, पाइप सगळे बदला.

नारायणपेठी
म्हणजे १९५५ च्या रस्त्यावर, १९६८ ची जीप, आत्ताचं पेट्रोल आणि खिशात परमिट. ही भेळ झाली.

हायबोनेटवाला
भेळच. पण खाऊन बघू ना.

गेल्या रविवारी मामेभावाला घेऊन ताम्हिणीत चाचणी केली, मागे कुणी नाही. अकराचं ऊन, चढ, आणि मुळशी सोडल्यावर गाडी फुरफुर करून बंद. पेट्रोल पंपातच वाफ होऊन अडकलेलं. मी कार्बोरेटर उघडायच्या बेतात, तेवढ्यात भाजीचा टेम्पो थांबला, त्यातले काका उतरले, साठीचे असतील, काही न विचारता स्वतःच्या गळ्यातला पंचा बाटलीतल्या पाण्यात बुडवला आणि पंपाला गुंडाळला. म्हणाले, दहा मिनिटं गप बसा. बसलो. त्यांनी तेवढ्यात मामेभावाला तिचा पहिला गियर शिकवला, जो मला सहा महिन्यात शिकवता आला नव्हता. पंचा परत घेतला नाही, म्हणे घाट संपेस्तोवर राहू दे.

ठरवलंय असं. कोलकात्यापर्यंत इनोव्हा अर्धा दिवस मागे, मेहुणा चालवेल. कोलकाता ते लेडो आम्ही दोघंच, पण रोज संध्याकाळी सातला घरी फोन, नाही आला तर मेहुणा निघणार. बायकोनं हो म्हटलंय. बाबांनी नाही.

वारज्याची ताई
सात म्हणजे सात हं. सव्वासात नाही.

नारायणपेठी
मत बदललेलं नाही. फोटो टाका खिंडीतले. आणि पंपाचे पडदे कुठून घेणार? नाना पेठेत मिळतील पण भाव चढे सांगतात.

डिझेलभाऊ
जुना बाजार, रविवारी सकाळी लवकर. पण तुम्हाला कशाला हवेत?

नारायणपेठी
माझीही एक आहे. बंद आहे. विषय नको.