घरातील ओल आणि गळती : मूळ कसे शोधले, कोणता उपाय टिकला?

भिंतीवर डाग दिसला की आपल्यापैकी बहुतेक जण आधी रंगाऱ्याला बोलावतात. भिंत काही महिने नीट दिसते आणि मग त्याच जागी पुन्हा पोपडे धरू लागतात, कारण डाग दिसतो तिथे पाणी केवळ बाहेर पडत असते, ते शिरते बहुधा दुसरीकडूनच. आपल्या घरातील ओलीचे मूळ आपण कसे शोधले, तोडफोडीआधी कोणती चाचणी केली आणि पुढे कोणते काम टिकले, हे या धाग्यात सविस्तर लिहावे, ही विनंती. उत्पादनांच्या नावांपेक्षा कामाचा क्रम आणि त्यामागचे कारण लिहिले, तर वाचकांना अधिक उपयोग होईल. नवे घर ताब्यात घेताना केलेल्या तपासणीचे अनुभवही येथे हवे आहेत.

* * *

आमच्या न्हाणीघराला लागून असलेल्या खोलीच्या भिंतीला जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत ओल येत असे. पाणी पुरवठ्याच्या नळातून झिरपते आहे, सांडपाण्याच्या पाइपातून की फरशीखालून, हे निश्चित झाल्याशिवाय एकही फरशी उचलायची नाही, असे आम्ही ठरवले होते. पुरवठ्याच्या नळात पाणी सतत दाबाखाली असते, त्यामुळे तिथली गळती दिवसरात्र चालू राहते. सांडपाण्याची गळती मात्र वापर होईल तेव्हाच होते. म्हणून प्रथम घरातील सर्व नळ बंद करून मीटरवरचा आकडा रात्री लिहून ठेवला आणि कोणी पाणी वापरण्याआधी सकाळी पुन्हा पाहिला. तो तसाच होता. (ज्यांच्याकडे पाणी छतावरच्या टाकीतून येते, त्यांनी टाकीत येणारे पाणी बंद करून आतल्या पातळीवर खूण करावी, कारण मीटर टाकीच्या आधी असेल तर घरातली गळती त्यावर लगेच दिसत नाही.)

त्यानंतर न्हाणीघर चांगले सुकू दिले आणि फरशी ओली न करता, पाइपाने थेट नहाणी ट्रॅपमध्येच (फरशीवरचे पाणी सांडपाण्याच्या पाइपात जाते त्या तोंडात) पाणी सोडले. ओल वाढली नाही. शेवटी ट्रॅपचे तोंड घट्ट बंद करून फरशीवर उथळ पाणी साठवले आणि कडेला पेन्सिलीने खूण केली. दुसऱ्या दिवशी पातळी उतरलेली होती व पलीकडची भिंत गडद झाली होती, तेव्हा दोष फरशीखालच्या वॉटरप्रूफिंगमध्ये आहे हे कळले. खाली दुसऱ्यांचे घर असेल, तर ही चाचणी त्यांना आधी सांगूनच करावी.

दुरुस्तीत तीन गोष्टींवर आम्ही ठाम राहिलो आणि प्रत्येकाने राहावे असे मला मनापासून वाटते. पहिली म्हणजे जमीन आणि भिंत मिळते त्या कोपऱ्याला गोलाई देऊन वॉटरप्रूफिंगचा थर भिंतीवर चढवून घेणे, आणि अंगावर पाणी घेण्याच्या जागी तो पुरुषभर उंचीपर्यंत नेणे. दुसरी, ट्रॅपच्या भोवतालची जागा स्वतः उभे राहून भरून घेणे, कारण पाइप आणि काँक्रीट यांच्यातील सांधा हीच सर्वांत कच्ची जागा असते. तिसरी, फरशी बसवण्याआधी पुन्हा पाणी साठवून 48 तास थांबणे. गवंड्यांना हा खोळंबा वाटतो, परंतु फरशी बसल्यानंतर दोष सापडला तर सारे काम नव्याने करावे लागते. उतार दर मीटरला साधारण एक सेंटिमीटर ठेवला. फरशांच्या सांध्यांतले ग्राउट पाणी अडवते, असा समज सर्वत्र आढळतो. वास्तविक सिमेंटचे ग्राउट पाणी शोषते आणि खरे संरक्षण त्याखालच्या थराचेच असते. शिवाय वारंवार अ‍ॅसिडने फरशी धुतल्यास तेही झिजते.

* * *

वरील अनुभवात एक भर घालतो. प्रत्येक ओल ही गळतीच असते असे नाही. आमच्या कपाटामागे काळी बुरशी येत असे आणि ती भिंत बाहेरच्या बाजूची असल्यामुळे पाऊसच आत येतो आहे, असे सर्वांचे मत होते. एका जाणकाराने हातरुमालाएवढा प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवायला सांगितला. कागदाच्या मागे पाणी जमले तर ओल भिंतीतून येते आहे, आणि खोलीकडच्या बाजूला थेंब आले तर हवेतील बाष्प थंड पृष्ठभागावर जमते आहे, इतका सोपा तो निकष आहे. आमच्याकडे थेंब खोलीकडच्या बाजूला आले. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढले, ओले कपडे त्या खोलीत वाळवणे बंद केले आणि स्वयंपाकघरात व न्हाणीघरात हवा बाहेर टाकणारे पंखे बसवले. भिंतीला हातही लावावा लागला नाही.

* * *

इमारतींच्या दुरुस्तीच्या कामात माझे आयुष्य गेले, म्हणून स्लॅबविषयी लिहिते. छताचा गिलावा फुगला किंवा सळईच्या रेषेत लांब तडा गेला, तर त्यावर नुसता नवा गिलावा चढवू नये. चांगल्या काँक्रीटच्या अल्कधर्मी गुणामुळे त्यातील सळई गंजापासून सुरक्षित राहते. हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि पाणी आत शिरत गेले की तो गुण कमी होतो व सळई गंजू लागते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असते, त्यामुळे काँक्रीट आतून फुटते. अशा वेळी सैल भाग पूर्ण काढणे, सळई सर्व बाजूंनी घासून स्वच्छ करणे, ती किती झिजली आहे हे अभियंत्याकडून पाहून घेणे आणि मगच योग्य मिश्रणाने भरणे आवश्यक असते. मुळात वरून येणारे पाणी बंद झाले नसेल, तर हेही काम टिकत नाही.

गच्चीवर पाणी साचू देणे आणखी गंभीर आहे. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर 10 मिलिमीटर पाऊस पडला, तर 1000 लिटर पाणी जमा होते, आणि ते सर्व एक-दोन तोंडांतून जायचे असते. ती पानांनी तुंबली आणि 10 सेंटिमीटर पाणी साचले, तर दर चौरस मीटरवर 100 किलोचा भार येतो. पावसाळ्यापूर्वी तोंडांवरच्या जाळ्या काढून साफ कराव्यात आणि कठड्याच्या भेगांत उगवलेली रोपे मुळे जाड होण्याआधीच उपटावीत.

* * *

आम्ही घर बदलले तेव्हा सामान आणण्याआधी रिकामे घर सावकाश पाहिले, आणि हाच सल्ला मी सर्वांना देईन, कारण कपाटे लागल्यावर भिंती दिसत नाहीत. सर्व नळ एकदम सोडून पाहिले, सिंकखालचे सांधे कोरड्या कागदाने पुसून ओल तपासली, पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह सहज फिरतो ना हे पाहिले आणि तो कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला दाखवले. वीजपेटीतील गळतीरोधक स्विचचे (विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या) चाचणीचे बटण दाबून तो खरोखर पडतो याची खात्री केली. ओलीचा डाग विजेच्या बोर्डाजवळ असेल, तर आधी पुरवठा बंद करून वायरमनला बोलावणे, हे रंगाऱ्याच्याही आणि प्लंबरच्याही आधीचे काम आहे. नूतनीकरणाच्या वेळी भिंतीतील पाइप व वायरी झाकण्यापूर्वी मोजपट्टी शेजारी धरून छायाचित्रे काढून ठेवली. पुढे खिळे ठोकताना त्यांचा सतत उपयोग होतो.

* * *

आमची तक्रार ओलीची नव्हती, पाहुण्यांच्या न्हाणीघरातून येणाऱ्या वासाची होती. वापर नसल्याने ट्रॅपमधले पाणी सुकले होते, आणि गटारातली हवा अडवते ते तेवढेच पाणी. आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओततो.

* * *

मूळ बंद झाल्यावर रंग केव्हा लावावा, असे काहींनी विचारले आहे. आमच्या जाड विटांच्या भिंतीला सुकायला कित्येक महिने लागले. वरून कोरडी दिसणारी भिंत आत ओलीच असते आणि पाणी बाहेर येताना विरघळलेले क्षार पांढऱ्या पुडीसारखे पृष्ठभागावर सोडते. ती पूड कोरड्या ब्रशने झाडावी. पाण्याने धुतली तर क्षार पुन्हा विरघळून भिंतीत जातात. पूड येणे थांबल्यावरही आम्ही काही काळ वाट पाहिली, वर सांगितलेली प्लास्टिकच्या कागदाची चाचणी केली आणि कागदामागची भिंत कोरडी निघाल्यावरच रंगाआधीची लांबी (पुट्टी) भरायला घेतली.